फिकट गुलाबीचे मार्क

२ फेब्रु.
वरच्या खोलीतली भाडेकरू प्रणाली कॉलेजातून आली ती थेट झोपली. डी.फार्म., पहिलं वर्ष. टायट्रेशन पुन्हा चुकलं. थेंबथेंब सोडत जायचं, फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं असतं. हिचं दर वेळी भडक होतं. जर्नलवर शेरा: 'निष्काळजी'. ही मुलगी माझ्या ओट्यावर साखरेचा कण राहू देत नाही. निष्काळजी म्हणे.

५ फेब्रु.
टोपलीभर मिरच्या निवडायला बसवलं. लाल वेगळ्या काढ म्हटलं. एकेक दाबून पाहत होती. डोळे काय भाड्यानं दिलेस का, असं विचारलं. हसली नाही. ''दाबल्यावर समजते ना मॅडम. पिकलेली नरम लागते.''
उठले. एक पांढरा नॅपकिन, एक फिकट गुलाबी, तिच्यासमोर धरले. दोन्ही पांढरेच म्हणाली.
मुलींमध्ये रंगांधळेपणा क्वचितच, म्हणून कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेरा मारणं सोपं.

९ फेब्रु.
धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेतलं, तशीच तिच्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. माझाच विद्यार्थी, मी शिकवत होते तेव्हाचा. एके काळी पिपेटमधून आम्ल गिळून माझ्याच टेबलापाशी रडला होता. आता फिरती खुर्ची. मागणी साधी: हिला पीएच मीटर वापरू द्या. रंग पाहण्याऐवजी आकडा वाचेल.
''मॅडम, उद्या ही लाल गोळीच्या जागी हिरवी देईल.''
आधी 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणावं, मग हवं ते बोलावं, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांकडून शिकले. बोलले. ''गोळी रंग पाहून देतात की नाव वाचून? रंग पाहून देणारे आधी बाहेर काढ.''
त्याच्या मागे भिंतीवर समान संधीचा बोर्ड. धूळ बसलेला.
अर्ज द्या म्हणाला. सर्टिफिकेट जोडून, वडिलांच्या सहीनं.

११ फेब्रु.
वडील खापरखेड्याहून आले. पॉवर स्टेशनात स्टोअर सांभाळतात. सही करेनात.
''मले बी नाही दिसत रंग. लपवलं म्हणून नोकरी टिकली. हिच्या कागदावर आलं तं उद्या स्थळ कोण आणन?''
मी तोंड उघडणार, तोच प्रणाली म्हणाली, ''तुम्ही लपवलं बाबा, मंग रोज भेतच राहिले ना? मले तसं नाही जगाचं.''
गृहस्थ बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. सही केली. चहा घेतला नाही.

१७ फेब्रु.
अर्ज 'विचाराधीन'. प्रॅक्टिकल २०ला. प्राचार्य फोनवर म्हणाला, बाहेरून येणारे परीक्षक मानतील तर माझी हरकत नाही. म्हणजे पाठीचा कणाही बाहेरूनच यायचा आहे.
कॉलेजच्या कपाटातलं मीटर बंद पडलेलं. दुरुस्तीवाल्याकडे स्वतः नेलं, तो करेपर्यंत समोर बसून राहिले.

१८ फेब्रु.
कॉलेजनं लॅब दिली, कुरकुर करत का होईना. प्रणालीचा मीटरवर सराव. उत्तर बरोबर. विश्वास बसेना, पुन्हा केलं. पुन्हा तेच.
मला वाटलं खूश होईल. म्हणाली, ''मॅडम, आता मले लय राग येऊन राहिला.''
उत्तम. राग परीक्षेला घेऊन ये म्हटलं, पण हात थरथरू देऊ नकोस.

२० फेब्रु.
लॅबबाहेरच्या बाकावर लिहिते आहे. शिपाई सांगून गेला, निवृत्त लोकांना आत परवानगी नाही. बाक आत नाही, हे त्याच्या नजरेला आणून दिलं.
वडीलही आले आहेत. येणार म्हणून कळवलं नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा पेनाचं टोपण लावत-काढत.
परीक्षक कडक चेहऱ्याचे. प्रणालीनं मला बोलू दिलं नाही. मीटर स्वतः उचललं, दारातच त्यांना म्हणाली, ''सर, मला फिकट गुलाबी दिसत नाही. मी आकड्यावर करणार.'' शुद्ध भाषेत, घोटून पाठ केलेलं.
त्यांनी काय उत्तर दिलं, ऐकू आलं नाही. दार लागलं.
मीटर आत गेलं आहे. अर्धा तास झाला, अजून कुणी ते बाहेर आणून ठेवलेलं नाही.