लघवीनंतरची धडधड

६ जानेवारी १९७६
शाळेत आज पुन्हा. लघवी करून उठले की डोकं फुटायला येतं, छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम. भिंत धरून बसले. हेडबाईंनी विचारलं, दिवस गेलेत का? बेचाळिसाव्या वर्षी!

११ जाने.
रविवार, म्हणून हे नोकरीच्या गावाहून, कुर्डुवाडीहून आले. सासूबाईंनी लगेच कान भरले. "लई नाटकं करती. कामाच्या वक्तालाच बरी चक्कर येती." हे हसले. ते हसणं विसरणार नाही.

२० जाने.
हे रजा काढून आले. नव्या पेठेतल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, बोलले यांच्याशीच. मनाचा आजार म्हणे. झोपेच्या गोळ्या. वर्गात पेंगते. पाणी पिणंच सोडलंय, म्हणजे जावं लागत नाही.

३ फेब्रु.
सासूबाईंनी अंगारा आणला. मी मोरीत टाकला. त्यांचा अबोला. बरंच झालं.

१७ फेब्रु.
एकटीच मोठ्या दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टरीणबाई. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "हे लघवीनंतरच होतं का?" ब्लडप्रेशर मोजलं, लघवीला जाऊन या म्हणाल्या, आल्यावर पुन्हा मोजलं. आकडा बघून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला.

९ मार्च
दुर्बिणीतून दिसली. मूत्राशयाच्या भिंतीत गाठ, बोराएवढी. लघवी करताना दाबली जाते, रक्तात काहीतरी सोडते, प्रेशर चढतं. कॅन्सर वाटत नाही. मोठ्या डॉक्टरांनीही अशी पहिलीच पाहिली. पण कापताना प्रेशर उसळलं तर टेबलावरच...
ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही हवी. यांची!

१४ मार्च
यांनी सही केली. "मला काय म्हाईत असं काय आसंल?"
"मी सांगत होते की."


२९ मार्च
ऑपरेशन होऊन दहा दिवस. मध्येच प्रेशर भलतंच चढलं होतं म्हणे. गाठ साधी निघाली. आज नळी काढली. भिंत धरून लघवीला गेले. झाली. काहीच झालं नाही. तिथेच रडले.
संध्याकाळी सासूबाई शिरा घेऊन. "गाठच हुती म्हना की." एवढंच. शिरा शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिला.

६ एप्रिल
उद्या सोडणार. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, गाठ परत येऊ शकते. शाळेतल्या देशपांडेबाई म्हणतात, "माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे, राहायला या." हे सकाळीच आलेत. "उद्या टांगा सांगू का घरी जायला?" विचारून व्हरांड्यात उभे आहेत. तासभर झाला. अजून दोघांनाही उत्तर दिलेलं नाही.