बोट हेच ऑफिस

१४ जानेवारी
कर खात्याचं पत्र. एकतीस हजार डॉलर भरा म्हणे. का, तर तीन वर्षं मी बोटीचा खर्च ‘ऑफिस’ म्हणून वजा केला. मी फरशा बसवतो. कुठे कशी बसवायची, याचा विचार एरी तलावात गळ टाकून बसल्यावरच सुचतो. मग ते ऑफिस नाही तर काय? पत्राच्या कागदालाही घाण वास.

रिटर्नवर वर्नाचीही सही आहे. मी म्हटलं, सही कर, आणि बायको या नात्याने तिने न वाचता केली. आता म्हणते, लोवेल, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, माझ्या पगारावर टाच येईल, उद्याच्या उद्या फोन कर आणि हप्ते बांधून घे. हप्ते! हप्ते भित्रे लोक बांधतात. एप्रिलपर्यंत काही केलं नाहीस तर माझं मी बघीन, असंही म्हणाली. रागात बोलतात माणसं. माफ केलं.

२२ जानेवारी
टीव्हीवरच्या जाहिरातीत सगळे दात दाखवत हसणारा एक दातवाला सांगतो, थकलेल्या कराच्या डॉलरमागे दहा सेंट भरा आणि सुटा. फोन केला. मला ‘चॅम्पियन’ म्हणाला. माणसाची पारख आहे त्याला. फी अडीच हजार, आगाऊ. भरली.

९ फेब्रुवारी
दातवाला फोन उचलत नाही. शिसारी आली.
आजपासून सगळं स्वतः करणार. उद्या पहाटे पाचला उठणार.

१० फेब्रुवारी, स. १०.४०
उठलो. तडजोडीचा अर्ज काढला. म्हणजे, एवढंच देऊ शकतो, बाकीचं सोडा. पण आधी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंची किंमत लिहायची! दुसऱ्याच्या कपाटात नाक खुपसायची काय ही किळसवाणी हौस! बोटीची किंमत शून्य लिहिली. जी विकायचीच नाही तिला किंमत कसली? वर्नाने वाचलं. म्हणाली, घर गेलं तरी चालेल, बोट तेवढी सांभाळ, तिच्यातच राहा एकटा.

१२ मार्च
अर्ज परत. वाचलासुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वीचं रिटर्न भरलेलं नाही म्हणून. एका वर्षाचं एवढं काय घेऊन बसलेत!

२० मार्च
दंडमाफी मागितली. आजारपणाचं कारण चालतं. पाठदुखीवर चार पानं लिहिली, लिहिता लिहिता मलाच माझी दया आली. बोट धंद्याचीच आहे हे कळावं म्हणून एक फोटोही जोडला. मासेमारीच्या स्पर्धेतला. मी, चषक आणि डोक्यावर उचललेला नऊ पौंडांचा मासा.

१६ एप्रिल
खात्यातल्या बाईंचा फोन. विचारतात, साहेब, हा फोटो पाठ धरली होती तेव्हाचाच का? तारीख आहे त्याच्यावर. दंड कायम. असल्या संशयी माणसांचा उबग आलाय.

नवा मार्ग. ऐपत नाही असं दाखवलं की वसुली थांबते. म्हणून बँकेत होते तेवढे पैसे घालून बोटीला नवी मोटर घेतली. आता ऐपत खरोखरच नाही. याला डोकं लागतं.

दर मंगळवारी लायब्ररीत करांबद्दल फुकट सल्ला देतात, वर्ना तिथे जाऊन बसते. बरंय, विरंगुळा हवाच. शिवणयंत्र तिने बहिणीकडे, अर्डिथकडे नेलं. पडदे शिवायचे असतील.

२१ मे
वर्ना दोन आठवडे अर्डिथकडेच आहे. अर्डिथचा गुडघा दुखतो. चार दिवस डबाबंद सूप खातोय. किळस येते.

३ जून
कर खात्याचं पत्र! मोटरचा गुण येणारच होता.

वाचलं. अर्ज वर्नाचा आहे. जोडीदाराने नकळत घोळ घातला असेल तर निर्दोष माणसाची देण्यातून सुटका होते म्हणे. असाही मार्ग असतो, हे दातवाल्याने मला सांगितलं नव्हतं. तिचं मंजूर झालं की सगळे एकतीस हजार एकट्या माझ्या डोक्यावर.

नियमाप्रमाणे माझंही म्हणणं मागवलंय. सोबत फॉर्म. पहिलाच प्रश्न, अर्जदार सध्या तुमच्यासोबत राहतात का?

अर्डिथला फोन केला. गुडघा कसा आहे विचारलं. ती म्हणाली, कुठला गुडघा?

वर जाऊन वर्नाचं कपाट उघडलं. नुसते हँगर.

खाली आलो. ‘नाही’वर खूण केली.