लग्नाची ट्यूब

३ फेब्रुवारी, मंगळवार
उमरग्याला जाऊन आले. त्वचेच्या डॉक्टरबाई. तोंड नीट बघायच्या आधीच म्हणाल्या, काय लावता ते दाखवा. पर्समधून ट्यूब काढली, त्यांनी ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. तीन वर्षं रोज लावली. मला बघायला येणार होते तेव्हा आईनेच आणून दिलेली. आमच्याकडे तिला लग्नाची ट्यूब म्हणतात. मेडिकलमध्ये नाव सांगावं लागत नाही, रिकामी नळी दाखवली की नवी हातात. आत स्टेरॉइड म्हणे. कातडी पातळ झालीय. बंद केली की आधी वाढेल, मग हळूहळू उतरेल. महिने लागतील. साबण, हळद, लिंबू काही नाही. कोमट पाणी, साधं मलम, उन्हाचं क्रीम. ट्यूब एक दिवससुद्धा नाही.
नाही लावणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
गालांना तिखटाचा हात लागल्यासारखं. गॅससमोर उभं राहवत नाही. पहिलीतल्या एका पोरीने वर्गात विचारलं, "मॅडम, तुमाला कुणी मारलं?"
मधल्या सुट्टीत प्रत्येकीकडे एक उपाय. कोरफड, साय, मुलतानी माती. एकीने टोमॅटो सांगितला. सगळ्यांना माझ्या तोंडावर स्वयंपाक करायचाय. आणि सासूबाई (इथून पुढं सा., पूर्ण लिहायची इच्छा नाही) जेवताना नवऱ्याला, महेशला, मी समोर बसलेली असताना: "हिला काय रोग तर न्हाय ना रं?"

८ फेब्रुवारी, रविवार
खंडोबाला गेलो, सगळे. गावातलंच देऊळ, चालत. भंडारा मी कपाळाला लावून घेतला. सा.ने मूठ भरली आणि माझ्या दोन्ही गालांवर चोळली. "देवाचं औषध हाय, समदं जाईल." विचारायचं नाही, सांगायचं नाही. आग आग झाली. तशीच नळावर गेले आणि गाल धुतले. कपाळाचा तसाच ठेवला, ते कुणी बघितलं नाही. रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं सा. म्हणाल्या, "देवाचा भंडारा धुतला हिनं."
घरी निघालो. महेश पुढं चालत होता. माझं देवाशी काही भांडण नाही. सा.शी आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार
गाल सुजले. डावा डोळा अर्धा बंद. शाळेला रजा. सा. शेजारणीला सांगत होत्या, देवाला राग आला. देवाला नाही आला, कातडीला आलाय.
आईला फोन केला. म्हणाली, "मी काय तुला वाईट व्हावं म्हणून दिली का?" मग रडली. मला रडू आलं नाही. मी फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सूज गेली, लाली तशीच. रविवारी नितीनची सुपारी फुटणार, येरमाळ्याला, मुलीकडं. नितीन म्हणजे माझा दीर. सा.: "असलं तोंड घेऊन येतीस का पाव्हण्यापुढं? चार दिस लाव की ती ट्यूब. मरतीस का काय?"
संध्याकाळी महेशने नवी ट्यूब आणली. आरशापाशी ठेवली. "आईचं मन राख, मग कर बंद." तीन वर्षांत ह्या माणसाने माझ्यासाठी न सांगता आणलेली ही पहिली वस्तू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी टोपण काढलं. बोटावर थोडी घेतली. दोन दिवसांत गाल गुळगुळीत होतील, मला माहीत आहे. बोट धुऊन टाकलं. पण घेतली होती. मेली ट्यूब.

२२ फेब्रुवारी, रविवार
तशीच गेले. पदर पुढं ओढून बस, असं सा. जीपमध्ये दोनदा म्हणाल्या. नाही ओढला.
मुलीचं नाव पूजा. पाटावर बसली आणि सगळ्या बायका, काय रंग, काय रंग. सा. तर फुलून गेल्या: "आमच्या घरात एक तरी उजळ आली." मी ओटी भरायला जवळ गेले. गाल तुकतुकीत गुलाबी, आतल्या बारीक लाल शिरा दिसतायत, कानशिलाकडं लव वाढलेली. तीन वर्षांपूर्वीची मीच. कुंकू लावताना हळूच विचारलं, "कुठली ट्यूब?" तिने आईकडं बघितलं. उत्तर मिळालं.
सुपारी फुटली. पेढे वाटले. मी पेढा खाल्ला.

२५ फेब्रुवारी, बुधवार
शाळेतून आल्या आल्या पूजाचा फोन. नितीनकडून नंबर घेतला म्हणे. मी सगळं सांगितलं, डॉक्टरबाईंचं, सुजलेला डोळा, सगळं. ती ऐकत होती.
"लग्नापतुर लावते ताई. मंग करते बंद."
मीही तेच म्हणाले होते, हे सांगितलं.
"तुमी बंद केली त्याला किती दिस झाले?"
"बावीस."
"अन् परवा तुमचं तोंड तसं व्हतं." तोडून बोलली नाही, घाबरून बोलली. मग, "ताई, घरी सांगणार का तुमी?"
सांगितलं तर सोयरीक मोडेल, सा. दुसरी उजळ शोधतील. नाही सांगितलं तर एप्रिलमध्ये लग्न होऊन ही पोरगी ह्या घरात येईल, आणि तिचा चेहरा पेटेल तेव्हा तिच्याही गालाला भंडारा चोळतील. मी बघते म्हणाले आणि ठेवला.
सा. दारात उभ्या होत्या. "काय म्हणत व्हती माझी सून?"
पूजाच्या ट्यूबचं मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.