आईने पुसलेली रेघ

दादा,

आईचा पलंग रिकामा पाहून घाबरू नकोस. तिला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेते आहे. जिथे गुडघा बदलला, तिथे तीनदा फोन केला. नर्सबाईंचं एकच, "सूज असतेच हो, बर्फ लावा." बाबांचा खुबा बदलला तेव्हाही आपण याच उत्तरावर आठ दिवस काढले होते.

सोमवारी मी गुडघ्याच्या लाल झालेल्या जागेभोवती पेनाने रेघ मारली, लाली बाहेर सरकली तर कळावं म्हणून. ती रोज रेघेच्या आतच दिसायची आणि तू मला "डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवायचास. आज चादर बदलताना उशीखाली पेन सापडलं. आई रोज सकाळी माझी रेघ पुसून थोडी बाहेर नवी मारत होती. विचारलं तर म्हणाली, "तुझे बाबा पुन्हा हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत गं."

लाली आता मांडीपर्यंत आली आहे, ताप एकशे दोन. फाईल नेली आहे, तिचा चष्मा राहिला, तो घेऊन ये, पत्ता फोनवर कळवते. रेघेवरून तिला रागावू नकोस. कालपर्यंत हॉस्पिटलचं नाव काढलं की भांडायची. आज मुकाट्याने तयार झाली, त्याचीच मला भीती वाटते.