मधाला तुपाचे बक्षीस

कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९५३

चि. बंडूभावजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद. पुण्यात तुमची, मुलांची आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या काचभांड्यांची प्रकृती ठीक असेल असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे, डोके मात्र तापलेले आहे.

तुमचे दादा आजऱ्याला मास्तर होते तेव्हा त्यांनी निरनिराळ्या माश्यांचा मध जमवला होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला एक शाळेच्या मातीच्या भिंतीतल्या बारक्या माशीचा. (ही माशी डासाएवढी असते, तिला नांगी नसते आणि ती मेणाच्या छोट्या बुधल्यांत मध साठवते. हे त्यांच्या वहीवरून लिहिते. ते होते तोवर मी वही उघडली नव्हती.) यंदा इथल्या शेती प्रदर्शनात मधाचा विभाग होता, म्हणून मी ती बाटली त्यांच्या नावाने मांडली. ते जाऊन दीड वर्ष झाले, पण प्रदर्शनाच्या नियमांत त्याला हरकत नव्हती. परीक्षक शिरोळचे हंबीरराव. त्यांचा वीस एकर ऊस आहे. मधाशी संबंध एवढाच की दोन्ही गोड.

त्यांनी बोट बुडवले, चाखले आणि चारचौघांत म्हणाले, "वैनी, ह्यो आंबलाय की. आन् पाणी बी घातलंय." मी सांगितले की हा मुळातच आंबट आणि पातळ असतो, माशी वेगळी आहे. तर म्हणे, "माशी ती माशी. मध ग्वाड असतोय." मग खऱ्या मधाची वात जळते म्हणून मधात भिजवलेली वात पेटवली, ती चरचरून विझली. मग कुत्रे आणले, कारण खऱ्या मधाला कुत्रे तोंड लावत नाही म्हणे. त्याने बशी पुसून ठेवली. (ते गुऱ्हाळावर वाढलेले. त्याने हंबीररावांचा जोडाही चाटला, पण जोड्यात भेसळ आहे असे कोणी म्हटले नाही.) कार्डावर तांबड्या शाईने लिहिले गेले: साखरपाक. वर तुमच्या दादांचे नाव. ज्या माणसाने तीस वर्षांत न तपासता एका पोराच्या वहीत बरोबरची खूण केली नाही, त्याच्या नावाखाली.

मी गप्प बसले नाही. वहीत एक प्रयोग होता आणि तो मी दसऱ्यापासून फडताळात मांडून ठेवला होता. तीन वाट्या तूप: एक नुसते, एकात आग्या मोहोळाचा चमचाभर मध घोटून, एकात बारक्या माशीचा. कोणते आधी खवट होते ते पाहायचे. दुसऱ्या दिवशी वाट्या घेऊन गेले. हंबीरराव आधी मागे सरले, तूप-मध एकत्र म्हणजे विष म्हणून. (सम प्रमाणात घेतले तर. वाटी आणि चमचा सम कधीपासून झाले?) शेवटी वास घेतला. नुसते तूप खवट, आग्याचे जरासे, आणि बारक्या माशीचे काल कढवल्यासारखे. "झकास हाय," म्हणाले. वाट्या तिथेच ठेवून मी समाधानाने घरी आले. संध्याकाळी प्रदर्शनात जाऊन पाहते तर माझी तीच वाटी दूधदुभत्याच्या टेबलावर, आणि पुढे कार्ड: शुद्ध तूप, तिसरा क्रमांक.

शुद्ध! ज्यात चमचाभर मध आहे ते शुद्ध, आणि ज्यात मधाशिवाय काही नाही त्यात भेसळ. बरे, तूपही माझे नव्हे, शेजारच्या धोंडुबाईच्या म्हशीचे. ती आता म्हशीच्या नावाने प्रशस्तिपत्र मागते आहे.

तेव्हा या मधात शेकडा पाणी किती, साखर किती, आम्ल किती हे काढून शिक्क्यानिशी कागद द्यावा. मला मिळालेल्या पुस्तकातले आकडे पेटीत पाळायच्या माशीचे आहेत. ते हिला लावणे म्हणजे शेळीच्या दुधावर म्हशीएवढी साय शोधणे. हंबीररावांची खोड मोडल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

तुमची
कालिंदीवहिनी

ता. क. बाटली पोस्टाने पाठवीत नाही, कोणी खात्रीचे येणारे असेल तर कळवा. मध चारच चमचे उरला आहे. दोनांत भागवा.

आणखी एक. कागद हंबीररावांना दाखवायचा नाही. हा मध घरी आला त्या दिवशी मीच चाखून म्हटले होते, आंबलाय, वाटेत पाणी गेले असेल, टाकून द्या. तुमच्या दादांनी वाद घातला नाही. वहीत लिहिले, "घरी चाखवला. आंबला म्हणतात. तपासून घ्यावा." आणि बाटलीला बूच लावले. तपासणे राहून गेले. आम्लाचा आकडा तेवढा मला आधी कळवा.