राहू दे, माझं काय!

सोमवार, ४

आज परत तो लांब्या आला. नातीच्या कॉलेजातला. तिची बॅग ह्याच्या खांद्यावर! फुकट कोण कुणाचं ओझं वाहतं? काहीतरी डाव आहे.

नात बिचारी गरीब. काल फोनवर त्याला म्हणत होती, "राहू दे. माझं काय, मी येईन एकटी." पोरीचं मागणं म्हणून नाहीच. सुनेला म्हटलं, पोर माझ्यावर गेली आहे. ती म्हणाली, "हो बाबा, अगदी तुमच्यावर!" ह्यात हसण्यासारखं काय होतं?

दुपारी चहाला उशीर. म्हटलं, राहू दे, माझं काय. लगेच आला. साखर मात्र कमी.

बुधवार, ६

दोघं जिन्यात बोलत होती. मी दारामागे. चोरून ऐकणं बरं नाही, पण मग घरात म्हातारा माणूस असतो कशाला?

लांब्याला दुसऱ्या शहरात सहा महिन्यांचं शिकाऊ काम मिळालंय. कॉलेजच पाठवतंय. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नात एवढंच म्हणाली, "जा तू. माझं काय."

आणि तो काकुळतीला आलेला! "असं नको ना बोलू. नाही जात मी."

बघा! आधी सोडून जायचा धाक, आणि वर उपकार — तुझ्यासाठी राहिलो! पक्का आहे. मी सातवीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं.

गुरुवार, ७

आज फिरकला नाही. हाही डावच.

शुक्रवार, ८

नात घरात नव्हती. तिची बॅग द्यायला आला, तेव्हा जिन्यातच गाठलं त्याला. "काय हवंय तुला आमच्या पोरीकडून?"

तो पायरीवरच बसला. डोळे लाल. "आजोबा, तुम्हीच सांगा. जाऊ का विचारलं तर म्हणते, जा, माझं काय. जातो म्हटलं की फोन उचलत नाही. नाही जात म्हटलं की लगेच हसते. आजवर दोन कामं सोडली मी. 'माझं काय' म्हटल्यावर नक्की करायचं काय हो असतं?"

काय करायचं असतं! आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. चहा आणायचा असतो.

मग ओरडलोच, "जा!"

तो दचकून उठला. "घरी?"

"कामावर जा, गाढवा! आत्ताच्या आत्ता हो म्हणून कळव!"

दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. बॅग माझ्या हातात. केवढी जड!

शनिवार, ९

नातीला कळलं, त्याला जा कुणी सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे. माझं काय." दार लावून घेतलं.

दुपारी सुनेने विचारलं, "बाबा, चहा ठेवू?"

तोंड उघडलं. मिटलं. मग त्या बंद दाराकडे बघत मोठ्याने म्हणालो, "हवाय मला. साखर जरा जास्त घाल."

सुनेने बाहेर येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.