चंद्रोदय नऊ एक्कावन्न

सिंगापूर,
रविवार, १७ मे २०२६

सौ. शिवांगीवहिनींना गोविंदचा नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. एक तर आचाऱ्याचं पत्र, आणि तेही फोन असताना. पण फोनवर माझी जीभ वळत नाही आणि मी मध्येच "ठेवतो" म्हणतो, हे तुम्हाला माहीत आहे. लिहिताना वेळ मिळतो. हा तिसरा कागद आहे. पहिल्या दोनांवर खाडाखोड झाली.

तुम्ही पुण्याला आईबाबांजवळ सुखरूप असाल. इकडे पाऊस रोज दुपारी तीनला येतो आणि चारला जातो. पद्माकरकाकांच्या केटरिंगला ऑर्डरी भरपूर आहेत. तुमच्या बिशानच्या घरी मी अजून डबा पोचवतो, पण आता फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. दाराबाहेरच्या तुळशीला पाणी घालतो. ऋग्वेदाचा पुढचा दात पडला. तुम्हाला दाखवायला तिनं तो काडेपेटीत ठेवला आहे. परवा मला म्हणाली, "गोविंदकाका, ममा जून हॉलिडेजला येणार की नाही?" मी म्हटलं, पप्पांना विचार. तर म्हणाली, "पप्पा ऑलवेज सेज सी हाऊ लाह." म्हणजे बघू. मग डब्यातल्या पोळ्या मोजायला लागली. आता चार असतात. पूर्वी नऊ असायच्या.

तुमच्या सासूबाई, म्हणजे आमच्या शैलाकाकू, अजून नोव्हेनाच्या हॉस्पिटलातच आहेत. रविवारी दोन ते चार मी जातो. डोळे उघडे असतात. नर्स त्यांना कुशीवर वळवते तेव्हा डोळेही वळतात, पण आपल्याकडे बघत नाहीत. मी वही उघडून बसतो. रविवारी डबा दिला की त्या मला तुमच्या जेवणाच्या टेबलावर शुद्धलेखन घालायच्या, ती वही. माझी शाळा नववीत सुटली हे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "शाळा सुटली असेल. मास्तरीण सुटणार नाही." सतरा नंबरचा फॉर्म भरून मला दहावीला बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. आता मी तारीख घालतो, समास सोडतो आणि दोन तास बसून राहतो. चारला वही बंद करतो.

वहिनी, इथपर्यंतचं तिन्ही कागदांवर सारखंच आहे. पुढचं पहिल्या दोनांवर जमलं नाही.

त्या सहलीचं लिहायचं आहे.

पद्माकरकाका दर वर्षी इथल्या मराठी मंडळींना कुठं तरी नेतात आणि 'आपलं जेवण आपल्याबरोबर' म्हणून मला आणि माझ्या कुकरला नेतात. या वर्षी उझबेकिस्तान. त्यात एक रात्र वाळवंटात, यर्ट म्हणतात तसल्या गोल तंबूत. नूराता गावापासून पुढं डांबर संपलं आणि बस वाळूतून चालली, तेव्हा तुम्ही ऋग्वेदाला उंट दाखवत होतात आणि मी मागे तांदळाचं पीठ सांडू नये म्हणून डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. तांदळाचं पीठ कशाला, असं तेव्हा कोणी विचारलं नाही.

कॅम्पवर आठ यर्ट गोल मांडले होते. आत लाकडी जाळीच्या भिंती, वरून जाड लोकरीचं नमद्यासारखं आच्छादन, आणि दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय शिरता येईना. काकू वाकून आत गेल्या आणि म्हणाल्या, "या दारानं आल्या आल्या नमस्कार करून घेतला." मग छताच्या मधलं गोल भोक बघून म्हणाल्या, "बघ गोविंद, घर बांधताना आभाळाला जागा सोडली आहे. आमच्या पुण्यातल्या बिल्डरला दाखवायला हवं." गुडघ्यांमुळे त्यांना खाली झोपता येत नाही, म्हणून खाट असलेला एकच यर्ट त्यांना दिला. तो माझ्या स्वयंपाकाच्या तंबूला लागून होता. तुमचा यर्ट पार दुसऱ्या टोकाला होता.

त्या दिवशी पाच एप्रिल होती. संकष्टी.

गेल्या वर्षी काकूंना घरी चक्कर आली, तेव्हापासून रोहनदादांनी त्यांचे उपास बंद केले होते. "आई, इन्सुलिन आणि उपास एका घरात नांदणार नाहीत," असं ते म्हणाले होते आणि काकूंनी मान हलवली होती. बाकीचे उपास सोडलेही. संकष्टी सोडली नाही. वर्षभर त्या संकष्टी करत होत्या आणि ते फक्त मला माहीत होतं. दिवसा मी डब्यात खाली साबुदाणा आणि वर पोळी ठेवायचो. रात्री चंद्रोदयाची वेळ आली की त्या खोलीत जाऊन इन्सुलिनचं पेन स्वतः टोचून घ्यायच्या आणि दहा मिनिटांत जेवायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या दिनदर्शिकेत सिंगापूरची वेळ छापलेली असते. इथलं आभाळ बहुतेक ढगाळ, चंद्र दिसत नाही, म्हणून त्या छापील वेळ प्रमाण धरायच्या. बारा वेळा असं झालं आणि बारा वेळा काही झालं नाही. तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं.

सहलीला निघण्यापूर्वी त्यांनी मला विचारलं, "पाच तारखेला चंद्रोदय किती वाजता?" मी दिनदर्शिकेतून उतरवून घेतलं. नऊ एक्कावन्न. मग मी विचारात पडलो. तिथलं घड्याळ सिंगापूरच्या तीन तास मागे असतं, मग यातून तीन तास वजा करायचे का? दोन दिवस मी त्यावर विचार केला. सूर्य जसा प्रत्येक गावी त्या गावच्या घड्याळानं सातच्या सुमारास मावळतो, तसाच चंद्रही त्या गावच्या घड्याळानं उगवणार, असं मी ठरवलं. चिठ्ठीवर 'चंद्रोदय ९.५१' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. काकूंनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, "अक्षर सुधारलं."

कॅम्पवर नेटवर्क नव्हतं. पण कॅम्प चालवणारा म्हातारा तिथंच जन्मलेला होता. त्याला आभाळाकडे बोट दाखवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. विचारायचं म्हणजे कशासाठी ते सांगावं लागलं असतं, आणि आमचा गाइड शेजारी उभा होता. मी विचारलं नाही.

आठ वाजता सगळे शेकोटीभोवती जेवायला बसले. काकूंनी धुराचं निमित्त सांगितलं. "माझं गोविंद आत आणून देईल," असं त्या तुम्हाला म्हणाल्या. ऋग्वेदाला उंटिणीचं दूध बाधलं होतं, तुम्ही तिच्यापाशी होतात. दादा शेकोटीपाशी गाण्यात होते. मी तंबूत पाच मोदक उकडले, तुपाची वाटी ठेवली, पिठलं-भात झाकून ठेवला. नऊ चाळीसला मी काकूंच्या दाराशी जाऊन म्हणालो, "काकू, दहा मिनिटं राहिली." त्यांनी पेन टोचून घेतलं. मग आम्ही त्यांची खुर्ची बाहेर काढली, पूर्वेकडे तोंड करून. मोदकांची ताटली झाकून त्यांच्या मांडीवर दिली.

नऊ एक्कावन्न झाले. दहा झाले. चंद्र आला नाही.

आभाळ इतकं स्वच्छ होतं की चांदण्या वाळूपर्यंत खाली आल्या होत्या. म्हणून काकू थांबल्या. ढग असते तर जेवल्या असत्या. मी म्हटलं, "काकू, वेळ झाली आहे, एक मोदक खा." त्या म्हणाल्या, "समोर स्वच्छ फळा असताना मी कॉपी करू? छत्तीस वर्षं मुलांना धरलं आहे मी."

दहाच्या सुमारास तुम्ही बॅटरी घेऊन आलात. माझ्या तंबूच्या दारातून विचारलंत, "गोविंद, आई जेवल्या?" काकू तंबूच्या पलीकडे दहा पावलांवर बसल्या होत्या. तुम्हाला दिसत नव्हत्या, मला दिसत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं आणि दुसऱ्या हातानं तोंड दाबून त्या हसत होत्या. वर्गातल्या मुलीसारख्या.

मी म्हणालो, "हो वहिनी, जेवल्या."

अर्ध्या तासानं ऋग्वेदाला झोप लागल्यावर तुम्ही तुमच्या यर्टच्या दारातून पुन्हा हाक मारलीत. "नीट जेवल्या ना रे? पूर्ण?" मी ओरडून सांगितलं, "पूर्ण जेवल्या, झोपल्या." मग तुमचा दिवा बंद झाला.

त्यानंतर काकू म्हणाल्या, हात थरथरतात. मी म्हटलं, थंडी आहे, आणि आतून रजई आणली. साखरेचा डबा रजईपेक्षा जवळ होता. घाम आला, असंबद्ध बोलायला लागल्या तर आधी साखर द्यायची, हे तुम्ही मला दोन वर्षांपूर्वी शिकवलं होतं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं. रजई पांघरताना त्यांची मान ओली लागली. अंगावरची शाल फार जाड आहे, असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पाचवी ब, खाली बसा. लिहा." आणि शुद्धलेखन घालायला लागल्या. 'नदीच्या काठी एक गाव होतं.' मला वाटलं गंमत करतात. मी वाळूवर बोटानं लिहिलंसुद्धा. तीन वाक्यं लिहिली. चौथं त्यांनी सांगितलं नाही. मी थांबलो. त्या पूर्वेकडे बघत होत्या.

अकरा वीसला चंद्र आला. तांबडा, एका बाजूनं झिजलेला. मी म्हटलं, "काकू, आला." त्यांचे डोळे उघडे होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कॅम्पवरच्या बाईनं त्यांच्या हिरड्यांना साखर चोळली. गाडी यायला दोन तास लागले. पण सगळे त्यांच्याभोवती असताना मी काय केलं, ते तुम्हाला माहीत नाही. मी ती ताटली उचलली आणि तंबूमागे जाऊन पाचही मोदक वाळूत पुरले. पिठलं-भात कुत्र्यांना घातला. ताट घासून पालथं घातलं. सकाळी ज्यानं ते ताट पाहिलं, त्याला वाटलं की काकू जेवल्या होत्या किंवा त्यांना कोणी वाढलंच नव्हतं.

आणि मग सिंगापुरात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. दादांनी मला सरळ विचारलं, "शिवांगी म्हणते तू सांगितलंस आई जेवली म्हणून. सांगितलंस?" तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होतात. पद्माकरकाका माझ्या बाजूला होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तुमच्या तोंडावर जराही भीती नव्हती, कारण मी काय सांगणार ते तुम्हाला माहीत होतं.

मी म्हणालो, "मी भांडी घासत होतो. मला कोणी विचारलं नाही."

तुम्ही नुसतं "गोविंद" म्हणालात. दादा तुम्हाला म्हणाले, "पन्नास पावलं चालून बघवलं नाही, ते नाहीच. वर त्या पोरावर ढकलतेस." घरी जाताना व्हॅनमध्ये पद्माकरकाका मला म्हणाले, "बरं केलंस. घरच्यांचं घरच्यांत राहू दे. तुझं परमिट आहे, तू स्वयंपाक कर." त्यांना खरं किती माहीत आहे ते मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मला कामाचं परमिट जाण्याची भीती होती हे खरं आहे. पण त्या क्षणी ते मनातही नव्हतं. मनात ती चिठ्ठी होती. माझ्या अक्षरातली, खाली दोन रेघा मारलेली. ती मी विमानतळावर फाडली.

पद्माकरकाका सांगत होते की दादांच्या वकिलाचे कागद पुण्याला गेले आहेत. तुम्ही सही केली असेल तर या पत्राला उशीर झाला. सहा आठवडे मी रोज हे लिहिणार होतो.

त्या रात्रीची सगळी हकिकत मी दादांसाठी आधीच वेगळी लिहिली होती. गेले तीन रविवार ती खिशात घेऊन बिशानला गेलो आणि तुळशीला पाणी घालून परत आलो. आज सकाळी तुमच्या ब्लॉकखालच्या लेटरबॉक्समध्ये टाकली. आत पडल्याचा आवाज आला. त्यानंतर मी ती फट रुंद आहे का ते बघत होतो, हात जातो का. जात नाही. आता तुमचं पत्र टाकायला मला कोणी अडवू शकत नाही, मीसुद्धा. दादांचा फोन अजून आलेला नाही. येईल तेव्हा मी उचलीन आणि मध्येच ठेवणार नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. काकूंना विचारल्याशिवाय ती मला घेता येणार नाही, आणि त्यांना विचारता येत नाही. सतरा नंबरचा फॉर्म मी भरणार नाही. मंडळाच्या दिनदर्शिकेत पुढच्या संकष्ट्यांच्या वेळा छापलेल्या आहेत. ती मी भिंतीवरून काढली आहे.

कोर्टात किंवा घरात, जिथं लागेल तिथं दाखवता यावं म्हणून शेवटचं वेगळं आणि स्वच्छ लिहितो.

दिनांक ५ एप्रिलच्या रात्री शैलाकाकू जेवल्या नव्हत्या. जेवल्या असं मी सांगितलं. शिवांगीवहिनींनी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.

गोविंद शांताराम गुरव